शहरात बिऱ्हाड करण्यापूर्वी : वस्तीची सुरक्षितता कशी पारखावी?

(निपाणी येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



जून महिना उजाडला की आपल्या निपाणीच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कोणी मुलगा किंवा मुलगी बेळगावच्या गाडीची वाट पाहत उभी असते. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात आईने बांधून दिलेला डबा आणि शेजारी गंभीर चेहऱ्याचे वडील. बेळगावात १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. रुग्णालये, उद्यमबागेतील कारखाने, सरकारी कचेऱ्या यांची संख्या वाढली आणि त्याबरोबर आपल्या भागातून तिकडे जाणाऱ्यांचीही वाढली. अंतर म्हणाल तर जेमतेम पाऊणशे किलोमीटर. परंतु गावातील घर सोडून शहरातील अनोळखी आळीत राहावयास जाणे, हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. त्या वडिलांच्या मनात एकच प्रश्न असतो : ‘जिथे जाणार ती वस्ती चांगली आहे ना?’

या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी पोलीस अधिकारी नाही अथवा नगररचनाकारही नाही. तथापि या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

स्वतःची एक चूक

सुमारे वीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मला शहरात बिऱ्हाड करावे लागले. जानेवारीतील एका रविवारी, भर दुपारी, मी घर पाहिले. ऊन स्वच्छ पडले होते, रस्ता कोरडा होता, घर हवेशीर होते. घरमालकांस मी दोनच प्रश्न विचारले : भाडे किती, आणि शेजारी ‘आपली’ माणसे किती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनासारखे मिळाले आणि मी निश्चिंत झालो. पावसाचे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

जुलैमध्ये एका रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. मागच्या नाल्याचे पाणी घरात शिरले होते. वीज गेली होती, मुलगी अवघी आठ महिन्यांची होती. दार उघडतो तो गल्लीत गुडघाभर पाणी. त्या वेळी समोरच्या माडीवरून हातात कंदील घेऊन एक वृद्ध बाई खाली आल्या आणि ‘बर्री, बर्री’ म्हणत त्यांनी लेकराला उचलून वर नेले. त्या कन्नडभाषक होत्या. सहा महिने समोर राहूनही मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. पुढचे तीन दिवस आम्ही त्यांच्याच घरी जेवलो.

त्या रात्री मला कळले, की मी वस्तीची पारख केलीच नव्हती. मी केवळ वस्तीतील आडनावे मोजली होती. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच : वस्तीची सुरक्षितता तिच्या नावलौकिकावरून ठरवू नका, ती आपल्या पायांनी चालून आणि आपल्या डोळ्यांनी पाहून ठरवा.

प्रथम पाणी, मग घर

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. टिळकवाडीच्या माळावर हजारो लोकांच्या निवासासाठी तात्पुरते नगर उभारावयाचे होते. तेव्हा कार्यकर्त्यांनी पाण्यासाठी तेथे मोठी विहीर खणली. ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ती आजही दाखविली जाते. काही दिवसांच्या वस्तीसाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाण्याचा एवढा विचार केला. आपण आयुष्यभराची पुंजी घालताना तरी तो केलाच पाहिजे.

पाण्याचा विचार म्हणजे पिण्याच्या पाण्याचा, तसाच पुराच्या पाण्याचाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच दिवसांत बेळगाव शहरातील सखल वस्त्यांतही पाणी शिरले. वडगाव-शहापूर भागातील शेतकऱ्यांना बळ्ळारी नाल्याचा स्वभाव ठाऊक आहे. पावसाळ्यात तो पात्र सोडून शिवारात पसरतो. शेतात पसरलेले पाणी ओसरते. तेच शेत भराव घालून प्लॉट म्हणून विकले गेले, तर पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. म्हणून घर घेण्यापूर्वी भिंतीवरील ओलीची रेघ पाहावी, उंबरठा रस्त्याहून किती वर आहे ते पाहावे आणि ‘२०१९ साली येथे पाणी कोठवर आले होते?’ असा सरळ प्रश्न विचारावा.

कागदपत्रांचाही येथे संबंध येतो. जमिनीचा बिनशेतीचा आदेश आहे काय, नगरविकास प्राधिकरणाने आराखडा मंजूर केला आहे काय, महानगरपालिकेच्या वा नगरपरिषदेच्या दप्तरी मिळकतीचे खाते आहे काय, हे पाहणे केवळ व्यवहाराचा भाग नव्हे. मंजुरीविना पडलेल्या वसाहतीत गटार, रस्ता आणि दिवे वर्षानुवर्षे पोहोचत नाहीत. जेथे दिवा नाही तेथे अंधार आहे, आणि अंधाराबरोबर काय येते ते सांगावयास नको.

तीन वेळा जा

घर एकदा पाहून निर्णय करू नये. किमान तीनदा पाहावे. एकदा सकाळी, शाळा-कचेरीच्या वेळी. एकदा रात्री आठ-नऊनंतर. आणि शक्य असेल तर एकदा भर पावसात.

सकाळी वाहतूक पाहावी. आपण चोरांस आणि गुंडांस भितो. परंतु आकडे काय सांगतात पाहा. २०२२ साली आपल्या देशात खुनाचे २८ हजार ५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे आपल्या लेकराला धोका गल्लीतील अनोळखी माणसापेक्षा भरधाव वाहनापासून अधिक आहे. मुलांना शाळेच्या वाटेवर हमरस्ता किंवा लोहमार्ग ओलांडावा लागतो काय? पायी चालण्यास कडेला जागा आहे काय? विजेच्या तारा लोंबकळत आहेत काय? हे प्रश्न सकाळीच सुटतात.

रात्री दिवे पाहावेत आणि माणसेही पाहावीत. खांब मोजू नयेत, पेटलेले दिवे मोजावेत. बसथांब्यापासून घरापर्यंत स्वतः चालत जावे. पुष्कळांची समजूत अशी असते, की निवांत, रुंद, निर्मनुष्य रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता. अनुभव याच्या उलट आहे. अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या शहरांविषयीच्या ग्रंथात हेच मांडले, की रस्त्याचे रक्षण मुख्यत्वे तेथे वावरणाऱ्या, खिडकीतून आणि दुकानातून सहज पाहणाऱ्या माणसांकडून होत असते. आपल्याला हे नवीन नाही. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्त्यांत संध्याकाळनंतरही मागांचा खडखडाट चालू असतो. बाहेरच्यास तो आवाज त्रासदायक वाटेल. परंतु माग चालू आहे याचा अर्थ कोणीतरी जागे आहे. कोपऱ्यावरचा चहावाला, ओट्यावर बसलेली म्हातारी, उशिरापर्यंत उघडे असलेले औषधाचे दुकान, हे सारे वस्तीचे बिनपगारी पहारेकरी होत.

कोणास विचारावे?

घर दाखविणारा दलाल वस्तीचे गुण सांगेल. ते त्याचे काम आहे. दोष जाणून घेण्यासाठी दुसऱ्यांकडे जावे. पहाटे फिरणारा दूधवाला आणि वृत्तपत्रवाला, विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन, जवळच्या शाळेतील शिक्षक, हे चांगले माहीतगार असतात. सर्वांत चांगल्या माहीतगार म्हणजे रोज पायी कामावर जाणाऱ्या स्त्रिया. आपल्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या कामावर जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. कोणती वाट दिवेलागणीनंतर टाळावी आणि कोणत्या बोळातून निर्धास्त जावे, हे ती क्षणात सांगेल. तिने हे पुस्तकात वाचलेले नसते, रोजच्या पावलांनी शिकलेले असते. कॅनडातील टोरांटो शहरात १९८९ साली स्त्रियांच्या एका संस्थेने या ज्ञानासच पद्धतीचे रूप दिले. स्त्रियांनी गट करून आपल्या वस्तीतून फिरावयाचे, अंधाऱ्या आणि अडचणीच्या जागा टिपावयाच्या आणि ती यादी अधिकाऱ्यांपुढे ठेवावयाची. पुढे अनेक देशांनी ही रीत उचलली.

सरकारी आकड्यांचे काय, असे कोणी विचारील. देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून प्रसिद्ध होत आला आहे आणि तो अवश्य पाहावा. परंतु त्यात महानगरांची म्हणून जी स्वतंत्र माहिती येते ती वीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांची असते. २०११ च्या जनगणनेत बेळगावची लोकसंख्या पाच लाखांच्या जवळपास होती. शिवाय संपूर्ण शहराच्या आकड्यावरून एका गल्लीचे अनुमान काढता येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या ठाण्यात तक्रारी अधिक नोंदल्या जातात ते क्षेत्र अधिक वाईटच असते असे नाही. तेथील लोक, विशेषतः स्त्रिया, तक्रार करण्यास धजतात आणि ठाणे ती लिहून घेते, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

सीमाभागातील एक विशेष अडचण

आपल्या भागात आणखी एक प्रश्न येतो तो हद्दीचा. निपाणीला लागून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रातील कागल तालुक्यात आहे. महाविद्यालय एका राज्यात आणि राहण्याची खोली दुसऱ्या राज्यात, हा येथील विद्यार्थ्यांचा नित्याचा अनुभव. तेव्हा जेथे राहावयाचे ते घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवावे. प्रसंग ओढवल्यास ‘ही आमची हद्द नव्हे’ या उत्तराने खचून जाऊ नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये, दखलपात्र गुन्ह्याची खबर तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्याने लिहून घ्यावयाची आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. त्यावर बोलताना गाव, तालुका आणि राज्य ही तिन्ही नावे आधी सांगावीत.

आडनावांची मोजदाद नको

शेवटी थोडे अप्रिय बोलतो. ‘वस्ती चांगली आहे काय?’ असे विचारताना पुष्कळदा आपल्या मनात दुसराच प्रश्न असतो : तेथे कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, कोणत्या भाषेचे लोक राहतात? बेळगाव-निपाणीच्या मातीत मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या आहेत. एखाद्या मोहल्ल्यास वा गल्लीस बदनाम करणे फार सोपे असते, आणि ती बदनामी पुसण्यास तेथील निरपराध कुटुंबांच्या दोन पिढ्या खर्ची पडतात. त्यांच्या मुलांना भाड्याने खोली मिळत नाही, नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना त्यांचा हात अडखळतो. आपल्या लेकराच्या काळजीपोटी दुसऱ्याच्या लेकरावर असा कलंक लावण्याचा आपणांस अधिकार नाही. गटार तुंबले आहे, दिवा बंद आहे, रस्ता धोक्याचा आहे, हे दोष डोळ्यांना दिसतात आणि दुरुस्तही करता येतात. आडनाव हा दोषच नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की वरच्या वर्गातील मुलामुलींकडून शाळेच्या परिसराची अशी पाहणी वर्षातून एकदा तरी करवून घ्यावी. बंद दिवे कोठे, उघडी गटारे कोठे, रस्ता ओलांडण्यास अवघड जागा कोणती, याचा साधा नकाशा मुले उत्तम काढतात. शासकीय सेवेतील सहकाऱ्यांना विनंती अशी, की तो नकाशा हाती आला तर त्यास आवक क्रमांक देऊन न थांबता दिवाही लावावा.

आणि ज्यांची मुले या जूनमध्ये शहरात जाणार आहेत त्या आईवडिलांना एक सांगणे. पारख करून घर घेतले, म्हणजे काम संपले असे समजू नका. पहिल्याच आठवड्यात चार घरी जाऊन आपले नाव सांगा, त्यांचे विचारा. त्यांची भाषा येत नसेल तर दोन शब्द शिका. चांगली वस्ती शोधावी लागते, तशीच ती येऊन राहणाऱ्यांनी घडवावीही लागते. त्या पावसाळी रात्री माझ्या लेकीला ज्यांनी वर नेले, त्या आजी आज हयात नाहीत. परंतु अनोळखी घर घेतलेल्या माणसास आपण काय द्यावे हे त्या मला शिकवून गेल्या. आता आमच्या समोरच्या घरी नवीन बिऱ्हाड आले, की मी प्रथम पाणी कोठून येते आणि कोठे जाते ते जाऊन सांगतो.