न दुखणारी गाठ
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



एकदंताच्या उत्सवात दातांवर बोला, असे कार्यकारिणीने सुचवले. मी डॉक्टर नाही. एक्स-रे तंत्रज्ञाची पदविका घेऊन सरकारी नोकरीत जबड्यांच्या फिल्म काढतो. उपचार डॉक्टर करतात, पण हाडाच्या आत काय दडले आहे ते पुष्कळदा आधी मला दिसते. त्यातला एकच विषय आज घेतो. तो म्हणजे दहा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या जबड्यातील गाठ, अर्थात सिस्ट.

सिस्ट म्हणजे पातळ अस्तराची, आत द्रव साठलेली पिशवी. ती हळूहळू वाढते आणि तिच्या दाबाने आजूबाजूचे हाड झिजते. जंतुसंसर्ग होईपर्यंत ती सहसा दुखत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. दुखत नाही म्हणून कोणी दाखवायला येत नाही.

मुलांमध्ये मुख्यतः दोन प्रकार दिसतात. कायमचा दात हाडात अडकला तर त्याच्या माथ्याभोवती पिशवी तयार होते. तिला डेंटिजेरस सिस्ट म्हणतात. खालची अक्कलदाढ आणि वरचा सुळा या तिच्या नेहमीच्या जागा. दुसरी रॅडिक्युलर सिस्ट. कीड आतपर्यंत गेल्याने किंवा चेंडू लागून दात आतून मेला की त्याच्या मुळाच्या टोकाशी ती होते. तिसरी, केराटोसिस्ट, कमी आढळते, पण काढल्यावरही पुन्हा होऊ शकते. म्हणून तिच्यावर कित्येक वर्षे लक्ष ठेवावे लागते.

आता घरी काय पाहायचे? वरचा सुळा साधारण 11 ते 12 व्या वर्षी आणि दुसरी दाढ 12 ते 13 व्या वर्षी येते. एका बाजूचा दात आला आणि सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा आला नाही, तेराव्या वर्षीही दुधाचा दात तसाच आहे, मार लागलेला दात काळसर पडला आहे, गाल किंवा हिरडी फुगली आहे, दात सरकू लागले आहेत, यांपैकी काहीही दिसले तर एक्स-रे काढून घ्या. दाढ येत असेल म्हणून लवंगेचे तेल लावत बसू नका. दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरते, पिशवी मात्र जागेवरच राहते.

उपचाराचे दोन मार्ग आहेत. पिशवी लहान असेल तर ती अस्तरासकट पूर्ण काढतात. मेलेल्या दाताचे रूट कॅनाल करतात किंवा तो काढतात. पिशवी मोठी असेल तर एकदम काढताना वाढते दात आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस दुखावण्याचा धोका असतो. अशा वेळी पिशवीला तोंडात उघडणारी खिडकी पाडतात. जर्मन शल्यचिकित्सक कार्ल पार्च यांनी 1892 साली ही पद्धत मांडली. दाब गेला की पिशवी आकसते, हाड भरत येते, आणि किशोरवयात अडकलेला दात पुष्कळदा आपणहून वर येतो. नाहीच आला तर तार लावून ओढून घेतात.

काढलेला तुकडा तपासणीला जातो. त्याचा रिपोर्ट अवश्य मागून घ्या. गाठ म्हटले की घरात कर्करोगाची धास्ती बसते. बहुतेक वेळा तसे काही नसते. परंतु अमेलोब्लास्टोमासारखी अर्बुदे फिल्मवर अगदी सिस्टसारखी दिसतात. माझी फिल्म त्याचा निकाल देऊ शकत नाही.

खिडकीनंतरचे काम घरच्यांचे. ती बंद होऊ नये म्हणून आत औषधी पट्टी किंवा ॲक्रिलिकचा बूच ठेवतात, आणि जेवणानंतर पिचकारीने पोकळी धुवायची असते. हे बरेच महिने चालते. इथेच लोक थकतात. सूज उतरली, शाळेची परीक्षा आली, घरात लग्न निघाले, की फेरी चुकते. खिडकी मिटली की पिशवी पुन्हा भरते.

आमच्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी आली होती. खालची उपदाढ पिशवीने पार जबड्याच्या कडेपर्यंत ढकलली होती. घरचे म्हणाले, दातासकट सगळे एकदाच काढून टाका, कटकट नको. सर्जननी समजावले, दुधाची दाढ काढली आणि त्याच जागेतून वाट केली. तिची आजी दर महिन्याला बसने तिला घेऊन यायची. पिचकारीही आजीच मारायची. आठव्या महिन्यात जुनी आणि नवी फिल्म शेजारी ठेवली. काळी पोकळी पांढुरकी झाली होती, दात हिरडीजवळ आला होता. आजींना वाचता येत नव्हते, पण दोन्ही चित्रांतला फरक त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवला.

म्हणून विनंती एवढीच. आपल्या इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. पर्ची काढून मुलाला एकदा दाखवून आणा. जुन्या फिल्म रद्दीत घालू नका, तुलनेला त्याच लागतात. आणि डॉक्टरांनी 'आता येऊ नका' म्हणेपर्यंत जात राहा.

 गणपती बाप्पा मोरया!