नवा लॅपटॉप : आधीं काम, मग यंत्र

उन्हाळा सरत आला, परीक्षांचे निकाल लागले आणि मुलाचा किंवा मुलीचा प्रवेश निश्चित झाला, कीं पुष्कळ सुशिक्षित घरांत एक नवी चर्चा सुरू होते. वर्धा जिल्ह्यापुरतें बोलावयाचें, तर सेवाग्राम येथें वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वर्धा शहरांत हिंदी विश्वविद्यालय आहे. यांपैकीं कोठेंही शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉप ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. वडील किंमत विचारतात. आई तो किती वर्षें टिकेल हें विचारते. आणि चिरंजीव ग्राफिक्स कार्डाचें नांव सांगून मोकळे होतात. तिघांचेंही म्हणणें योग्यच आहे. परंतु जो प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावयास हवा, तो कोणी विचारीत नाहीं : या यंत्राकडून काम कोणतें करून घ्यावयाचें आहे?

कामावरून यंत्र कसें ठरवावें, याचा एक उत्तम पाठ वर्धेकरांच्या परिचयाच्या वस्तूंतच सांपडतो. ती वस्तु म्हणजे चरखा. १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्याकरितां एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. त्याच्या शर्ती आजही वाचण्याजोग्या आहेत. चरखा हलका व सहज नेतां येण्याजोगा असावा; खेड्यांतील झोपडींत हातानें किंवा पायानें चालावा; एका स्त्रीला फारसे श्रम न पडतां तो आठ तास चालवितां यावा; तेवढ्या वेळांत १२ ते २० नंबरचें १६,००० यार्ड सूत निघावें; किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी; तो वीस वर्षें टिकावा; आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेंकडा पांचाहून अधिक होऊं नये. काम किती, तें कोणी व कोठें करावयाचें, पैसे किती आणि वर्षें किती, यांवर या शर्तींचा सारा भर आहे. लॅपटॉपच्या दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं प्रत्येक घरानें अशाच शर्ती एका कागदावर लिहून काढाव्या. निम्मा निर्णय त्या कागदावरच होऊन जातो.

प्रथम ग्राफिक्स कार्डाचा विचार. पडद्यावरील प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्यावर त्यांची संख्या वीस लक्षांहून अधिक भरते, आणि बहुधा सेकंदाला साठ वेळां तें चित्र नव्यानें दाखवावें लागतें. हें काम करणारा भाग मुख्य प्रोसेसरच्या पोटांतच असला, तर त्यास अंतर्गत ग्राफिक्स म्हणतात. तोच भाग स्वतंत्र चिप व स्वतंत्र मेमरी घेऊन आला, कीं तें वेगळें ग्राफिक्स कार्ड होतें. पहिला प्रकार संगणकाच्या मुख्य रॅममधून आपला वांटा उचलतो. दुसऱ्याजवळ स्वतःची शिदोरी असते.

अंतर्गत ग्राफिक्स म्हणजे कांहींतरी दुबळें, हा समज आतां खरा राहिलेला नाहीं. लेखन, हिशेब, ग्रंथवाचन, व्याख्यानांचीं चलच्चित्रें, शरीरशास्त्राच्या आकृती, नेहमींचें प्रोग्रामिंग, इतकेंच नव्हे तर इमारतीचे सपाट नकाशेही त्यावर सुखानें होतात. म्हणजे वैद्यकाच्या विद्यार्थिनीला किंवा भाषेच्या अभ्यासकाला वेगळ्या कार्डाची गरज सहसा पडत नाहीं. ती पडते त्रिमितीय आराखडे काढणाऱ्यास, चलच्चित्रांचें संपादन करणाऱ्यास, यंत्रशिक्षणाचे मोठे प्रयोग करणाऱ्यास आणि भारी खेळ खेळणाऱ्यास. खेळ खेळणें हा कांहीं अपराध नव्हे. घराला तें मान्य असेल तर कागदावर तसें स्पष्ट लिहावें. अभ्यासाच्या नांवावर खेळाचें कार्ड घेणें मात्र बरें नव्हे.

कार्ड घ्यावयाचें ठरलेंच, तर केवळ नांवावर भुलूं नये. एनव्हिडिया कंपनीचें लॅपटॉपमधील आर.टी.एक्स. ४०६० हें कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या शक्तीनें बसविण्याची उत्पादकांस मुभा आहे. पाटीवरील नांव एकच, परंतु दोन यंत्रांतील त्याचें काम सारखें होत नाहीं. म्हणून वॅट किती आणि कार्डाची स्वतःची मेमरी किती, हे दोन आंकडे दुकानदाराला आवर्जून विचारावे.

आणि जेवढे वॅट, तेवढी उष्णता. वर्ध्याला मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत वापरण्याजोगें तपमान बहुधा ३५ अंशांपर्यंतच दिलेलें असतें. यंत्र फार तापलें, कीं स्वतःचा बचाव करण्यासाठीं तें आपला वेग आपणच कमी करतें. मग मोठ्या कार्डासाठीं मोजलेल्या पैशांचें फळ ऐन दुपारीं हातीं लागत नाहीं. पंख्याच्या जाळींत धूळ बसली, कीं त्यांत भर पडते. शिवाय मोठें कार्ड बॅटरी लवकर संपवितें आणि पाठीवरचें ओझेंही वाढवितें. आर्वीहून किंवा हिंगणघाटहून रोज वर्ध्याला येणाऱ्या विद्यार्थ्याला हें ओझें कमी वाटणार नाहीं.

आतां साठवणीकडे. जुन्या हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरत असते. लॅपटॉपमध्यें ती बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, आणि वाचणारी सुई तिच्या पृष्ठभागावरून अगदीं सूक्ष्म अंतरानें तरंगते. चालू स्थितींत जोराचा हिसका बसला, तर सुई तबकडीवर आपटून लिहिलेलें कायमचें नष्ट होऊं शकतें. एस.एस.डी.मध्यें फिरणारें कांहींच नसतें. माहिती चिपमध्यें राहते. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वाचते, साधी एस.एस.डी. पांचशेंच्या आसपास आणि एन.व्ही.एम.ई. प्रकारची त्याच्या कित्येक पट. यंत्र चटकन सुरू होणें आणि फाईल झटकन उघडणें, हा रोजचा अनुभव साठवणीवर पुष्कळ अवलंबून असतो. म्हणून मुख्य साठवण एस.एस.डी.चीच असावी, याविषयीं आतां दुमत उरलेलें नाहीं. किती घ्यावी, एवढाच प्रश्न राहतो. ५१२ गिगाबाइटची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्यें सुमारें ४७६ दिसते. ही फसवणूक नव्हे. मोजण्याच्या दोन पद्धतींतील तो फरक आहे. सामान्य विद्यार्थ्याला तेवढी पुरते. चलच्चित्रें किंवा मोठे आराखडे सांभाळणाऱ्यानें एक टेराबाइटचा विचार करावा.

परंतु पैसे मोजकेच आहेत, कार्ड मोठें घ्यावें कीं डिस्क मोठी, असा पेंच पडला तर? येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. लॅपटॉपचें ग्राफिक्स कार्ड सामान्यतः मुख्य फळ्यावरच डाख देऊन बसविलेलें असतें. तें मागाहून बदलतां येत नाहीं. उलट, अनेक लॅपटॉपमध्यें एस.एस.डी. काढून मोठी घालतां येते, कांहींत दुसरीसाठीं मोकळी जागाही असते. म्हणून ज्याच्या कागदावर त्रिमितीय काम खरोखरच लिहिलेलें आहे, त्यानें कार्ड आरंभींच घ्यावें आणि डिस्क तूर्त लहान घेऊन दोन वर्षांनीं वाढवावी. ज्याच्या कागदावर तसें काम नाहीं, त्यानें कार्डाचे पैसे वाचवून १६ गिगाबाइट रॅम आणि चांगली एस.एस.डी. घ्यावी. मात्र कांहीं पातळ लॅपटॉपमध्यें रॅम आणि साठवण हीं दोन्ही डाख दिलेलीं असतात. तेव्हां पैसे देण्यापूर्वीं तें विचारून घ्यावें.

एक गोष्ट अद्याप उरली, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. एस.एस.डी. हिसक्याला भीत नाहीं, परंतु ती अमर नव्हे. हार्ड डिस्क बिघडतांना पुष्कळदां आवाज तरी करते; एस.एस.डी. कांहीं वेळां पूर्वसूचना न देतांच बंद पडते, आणि मग आंतलें परत मिळविणें फार कठीण होतें. बंद पडलेला लॅपटॉप पैसे देऊन पुन्हां आणतां येतो. परंतु चार वर्षांच्या टिपणांची, प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाची किंवा आजोबांच्या एकुलत्या एका छायाचित्राची किंमत कोणत्याही दुकानांत लावलेली नसते. म्हणून बाहेरून जोडावयाची एक साधी हार्ड डिस्क त्याच दिवशीं घ्यावी. वेगांत मागें पडलेली ती जुनी तबकडी या कामाला स्वस्त आणि पुरेशी आहे. आठवड्यांतून एकदां तींत सर्व कामाची प्रत उतरून ती लॅपटॉपपासून वेगळी, घरच्या कपाटांत ठेवावी.

तेव्हां तो कागद पुन्हां एकदां वाचावा. काम कोणतें, तें कोठें व्हावयाचें, कोण करणार, किती वर्षें आणि किती पैशांत, हीं पांच उत्तरें लिहिलीं असतील, तर वडिलांची किंमत, आईचीं वर्षें आणि चिरंजीवांचें कार्ड हीं एकाच ओळींत येऊन बसतात. आणि सहावी ओळ आईच्या हातची असावी : प्रत कोठें ठेवली आहे?