वेदना, मेंदू आणि चुंबक



अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची मूळ इमारत लोखंड वर्ज्य करून बांधलेली आहे. पूर्वीं या नोंदी मुंबईंत कुलाब्यास होत असत. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसूं लागतांच, त्यांच्या प्रवाहानें चुंबकसूची विचलित होईल हें नानाभाई मूस यांनीं जाणलें, आणि १९०४ सालीं हें काम आमच्या समुद्रकांठीं आलें. वीज आणि चुंबक यांचें हें नातें दुहेरी आहे. प्रवाह चुंबकास हलवितो, तसेंच बदलतें चुंबकक्षेत्र जवळच्या वाहकांत प्रवाह उत्पन्न करतें. ही दुसरी गोष्ट फॅरडेनें १८३१ सालीं दाखविली. मेंदू हाही वाहकच आहे, आणि आजचा विषय तेथूनच सुरू होतो.

माझा एक जुना विद्यार्थी वाडींत सुपारी उतरविण्याचें काम करी. त्याच्या कमरेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढील तपासणींत सर्व कांहीं ठीक दिसलें. परंतु दोन वर्षें झालीं तरी पाय रात्रंदिवस जळतो. घरचीं माणसें म्हणूं लागलीं, हे मनाचे खेळ आहेत. तो मजकडे येऊन म्हणाला, “गुरुजी, मी सोंग करतों काय?”

नाहीं, तो सोंग करीत नाहीं. वेदना ही दाराच्या घंटेची तार नव्हे, कीं हात काढला म्हणजे नाद थांबावा. पाठीच्या कण्यांत वेदनेचे संदेश अडविणारें व सोडणारें एक द्वार असावें, असा सिद्धांत मेलझॅक व वॉल या दोघांनीं १९६५ सालीं मांडला, आणि त्या द्वारावर मेंदूचीही सत्ता चालते असें सांगितलें. मज्जातंतु दीर्घकाळ दाबला गेला, कीं कणा व मेंदू अतिसंवेदनशील होऊन बसतात. दाब काढला तरी ती खोड जात नाहीं. दुखणें मेंदूंत आहे म्हणजे तें खोटें आहे, असा अर्थ काढणें हें निव्वळ अज्ञान होय.

मग मेंदूवरच उपचार कां करूं नये? जपानांत त्सुबोकावा यांनीं १९९१ सालीं, स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागावर विद्युदग्रें बसवून असाध्य वेदना कमी झाल्याचें दाखविलें; पण त्याकरितां कवटी उघडावी लागे. तत्पूर्वींच, १९८५ सालीं, इंग्लंडांत शेफील्ड येथें बार्कर यांनीं कवटीबाहेर तारेचें वेटोळें धरून मेंदू चेतविला होता. वेटोळ्याचें क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारों पटींनीं प्रबळ असतें, परंतु प्रत्येक ठोका एक सहस्रांश सेकंदाहूनही अल्प टिकतो. रुग्णास टकटक ऐकूं येते व टाळूवर टिचकी मारल्यासारखें वाटतें. दुसऱ्या पद्धतींत ओल्या स्पंजांतून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह सुमारें वीस मिनिटें सोडतात.

गुण किती येतो? मज्जातंतूंच्या दीर्घ वेदनेवर चुंबकीय पद्धतीस युरोपीय तज्ज्ञांनीं २०१४ व २०२० सालीं वरची श्रेणी दिली. तथापि आराम कायमचा नसतो, बैठका पुनःपुन्हा घ्याव्या लागतात. कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच दिलेल्या मंद प्रवाहाविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. २०१३ च्या एका चाचणींत लाभ दिसला नाहीं; २०१६ च्या दुसऱ्या, अगदीं लहान चाचणींत वेदनाशामक औषध कमी लागलें. एवढ्यावर जाहिरात करणारांपासून सावध असावें.

विद्यार्थ्यानें विचारलें, पाठींतले स्क्रू चुंबक ओढून घेईल काय? वेटोळें डोक्यावर, स्क्रू कमरेंत. अंतर पुष्कळ आहे. भय निराळें आहे: डोक्यांत धातू, कानांत बसविलेलें यंत्र, हृदयाचें यंत्र, किंवा फेफऱ्याचा पूर्वेतिहास असल्यास तें आधीं सांगितलें पाहिजे.

आमची खरी अडचण प्रवासाची. हीं यंत्रें मुंबई-पुण्यास, तींही मुख्यतः मनाच्या औदासीन्यावर वापरलीं जातात. सलग दहा दिवस मांडव्याहून बोटीनें जावें, किंवा वडखळच्या रस्त्याचे धक्के त्याच कमरेनें खावे! तो पुढील महिन्यांत मुंबईस विचारावयास जाणार आहे. मीं त्यास तीन प्रश्न कागदावर लिहून दिले आहेत: माझी वेदना मज्जातंतूची आहे काय, बैठका किती, आणि गुण न आल्यास केव्हां थांबावयाचें. घरच्यांसही मीं बोलावून घेतलें आहे. सोबत त्याची पत्नी जाईल.