सत्यसुधारक हॉटेलचे मालक गंगाराम कांबळे



महापुरुषांच्या जयंत्या आपण उत्साहाने साजऱ्या करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचा विचार ज्या साध्या माणसांनी रोजच्या धंद्यात उतरवून दाखविला, त्यांची नावे आपल्या ओठांवर क्वचितच येतात. आज मी अशाच एका माणसाविषयी चार शब्द बोलणार आहे. ते म्हणजे कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल चालविणारे गंगाराम कांबळे.

गंगाराम राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला ते शिवले, एवढ्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर गंगाराम त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि घडले ते सांगितले. महाराजांनी मारणाऱ्यांना कडक शिक्षा केली. गंगारामांना त्यांनी चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले व मदतही केली.

मित्रहो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मार खाऊन गप्प बसणे हाच त्या काळचा रिवाज होता. ज्यांच्याबरोबर उद्या पुन्हा काम करायचे, त्यांच्याविरुद्ध तोंड उघडणे सोपे नव्हते. महाराजांचा न्याय मोठा खराच. पण न्याय मागणारा पुढे आला म्हणून तो झाला.

गंगारामांनी धंदा कोणता निवडला? हॉटेलचा! ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते असे लोक मानत, त्याने लोकांना चहा पाजायचा! हॉटेलला त्यांनी नाव दिले ‘सत्यसुधारक’. जात न लपवता, भर रस्त्यावर पाटी लावून ते बसले. कपबशा स्वच्छ, चहा उत्तम. तरीही सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना.

मी बँकेत कारकून आहे. धंद्यासाठी कर्ज मागणाऱ्यांचे अर्ज रोज माझ्या टेबलावरून जातात. भांडवल किती, यंत्रसामग्री कोणती, जामीन कोण, हे सारे आम्ही विचारतो. पण एक गोष्ट कोणतीही बँक मंजूर करू शकत नाही. ती म्हणजे गिऱ्हाईक. भांडवल असूनही जातीमुळे गल्ला रिकामा राहिला, तर ते कर्ज फिटायचे कसे? शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले. त्यांचा खडखडा गंगारामच्या हॉटेलासमोर थांबू लागला. महाराज चारचौघांत चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही पाजीत. छत्रपतीच पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पुढे सोडा-वॉटरचे यंत्र घेण्यासाठीही महाराजांनी साहाय्य केले.

हा केवळ राजाचा लहरीपणा नव्हता. १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासांसाठी राखून ठेवणारा, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारा आणि १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळू नये असे हुकूम काढणारा तो राजा होता. परंतु हुकूम कागदावर राहतो. तो माणसाच्या घशाखाली उतरला, तो गंगारामच्या चहाबरोबर.

१९२२ च्या मे महिन्यात महाराजांचे निधन झाले. आता पाठीशी राजा नव्हता. तेव्हा गंगाराम काय करीत होते? त्यांनी पुढाकार घेऊन आपल्या समाजबांधवांना एकत्र केले, आणि १९२५ साली कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभे केले. मोठमोठे सरदार, जहागीरदार असताना हे पहिले स्मारक उभारले ते अस्पृश्य म्हणविल्या जाणाऱ्या गरिबांनी. घेतलेल्या उपकाराची अशी परतफेड करणारा कर्जदार आमच्या खातेवहीत विरळाच!

विद्यार्थी मित्रहो, भारतीय संविधानाचे कलम १५ जरूर वाचा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाचा उल्लेख का करावा लागला, हे गंगारामांच्या हकिकतीवरून समजते. हे कलम गिऱ्हाइकाला दार उघडून देते. पण मालक आपल्या समाजाचा असेल, तर त्या दारातून आत जायचे की नाही, हे मात्र कायदा ठरवीत नाही. ते लोकांच्या मनावर असते.

म्हणून माझी संस्थेच्या सभासदांना नम्र विनंती आहे. आपल्यातला एखादा तरुण खाणावळ, चहाची टपरी, किराणा दुकान काढतो, तेव्हा उद्घाटनाला हार घेऊन आपण सारे जातो. दुसऱ्या दिवशी मात्र पलीकडच्या दुकानात जातो. हार एका दिवसात सुकतो. रोजचे गिऱ्हाईक धंदा जगविते. माल चांगला नसेल तर तोंडावर सांगा, उधारी थकवू नका, पण पायरी चढा. आणि तरुणांनो, तुम्हीही गंगारामांप्रमाणे पाटी अभिमानाने लावा, कपबशी लख्ख ठेवा, आणि चार पैसे हाती आले की समाजकार्याचा वाटा बाजूला काढा.

 जय भीम!