पंचावन्न हजार कशाचे?

(छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एकाने मला मोबाईल दाखवला. "कापूस ५५ हजारांवर!" असा निरोप व्हॉट्सॲपवर कुणीतरी पुढे धाडलेला. म्हणाला, "भाऊ, आता ठेवू का विकू?" मी विचारले, ५५ हजार कशाचे? किती किलोचे? कोणत्या तारखेचे? तिन्हींचे उत्तर त्या निरोपात नव्हते.

तो भाव रुईचा असतो, आणि एका खंडीचा. खंडी म्हणजे ३५६ किलो. आपण रुई विकत नाही, कापूस विकतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. मग करा हिशेब. ५५ हजाराला ३५६ ने भागा, किलोला १५४ रुपये झाले. ३४ किलोचे सव्वापाच हजार. उरली सरकी, ६४-६५ किलो. ती समजा ३२ रुपये किलोने गेली, तर आणखी दोन हजारांवर. बेरीज ७,३०० च्या घरात. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. त्या दिवशी दारात आलेला व्यापारी ५,८०० म्हणाला तर त्याच्याशी भांडता येते. ७,००० म्हणाला तर तो लुटत नाही, हेही कळते. जिनिंगवाल्याला हा हिशेब तोंडपाठ आहे. कृषी पदवीच्या चार वर्षांत मला खत, बियाणे, बोंडअळी सगळे शिकवले. भाव वाचायला कुणी शिकवले नाही.

भाव पाहायचा तर मुळाशी जाऊन पाहा. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे दर मराठीत येतात. केंद्र सरकारचे 'ॲगमार्कनेट' २००० सालापासून आहे. पणन मंडळाच्या तक्त्यात कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे तीन रकाने असतात. आपला डोळा नेमका जास्तीत जास्तवर जातो. त्या दराने कदाचित एकच गाडी गेलेली असते! सर्वसाधारण दर पाहा आणि शेजारची आवक पाहा. आवक वीस क्विंटलच असेल तर त्याला बाजार म्हणू नका. ज्वारीत तर आधी जात-प्रत वाचा. हायब्रीडचा दर वाचून मालदांडीचा सौदा केला, तर नुकसान आपलेच.

हवामानाचेही तेच. आपल्या जिल्ह्याचा इशारा मुंबईचे प्रादेशिक हवामान केंद्र देते, नागपूरचे विदर्भासाठी असते. २०१९ मध्ये आलेल्या 'मेघदूत' ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी पीकसल्ला मिळतो. पण इशारा जिल्ह्याचा असतो, शिवाराचा नव्हे. वैजापूरला ऊन आणि सोयगावला धो धो, हे काय आपण पाहिले नाही? 'दामिनी' हे ॲप मात्र प्रत्येकाने घ्यावे. आसपास २० ते ४० किलोमीटरवर वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगते. वेचणीला बाया रानात असतात तेव्हा फोन बांधावरच्या पिशवीत बंद पडलेला नसावा, एवढे पाहा.

आता दिल्लीचे निर्णय. १८ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले, आणि दहाच दिवसांनी ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली वेचणी होऊन माल बाजारात येण्याचा पूर्ण काळ! हे पत्रक पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येत होते. गिरणीवाल्यांनी ते वाचून पुढची खरेदी मांडली असेल. आपल्यातल्या बहुतेकांना भाव का पडला, हे दिवाळीत व्यापाऱ्याने सांगितले.

त्याच हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या विक्रीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सुरू केली. लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११०, मध्यम धाग्याचा ७,७१०. नोंदणीची ३० सप्टेंबरची मुदत पुढे वाढली. पण एका गावात "मुदत संपली" हा जुना निरोप नंतरही फिरत राहिला. दोघा-तिघांनी त्यावर भरवसा ठेवून घरातूनच कापूस देऊन टाकला. क्विंटलमागे हजार-बाराशेचा फटका. निरोप खोटा नव्हता, शिळा होता. त्यावर तारीख नव्हती, एवढेच.

सगळ्यांनी दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालावे, असे मी म्हणत नाही. गावात एकाने वाचावे. नववी-दहावीची एखादी पोर असली तर उत्तमच, ती आपल्यापेक्षा लवकर शिकते. पारावर फळा लावा. त्यावर रोज तारीख, बाजार समिती, माल आणि त्याची जात, आवक, सर्वसाधारण दर. खाली हवामानाची एक ओळ. आणि तिथे लिहिण्याआधी मूळ पान उघडून पाहायचे, पुढे धाडलेला निरोप उतरवायचा नाही.

खडूचे खोके दाराशी ठेवले आहे. जाताना प्रत्येक गावाने एकेक डबी न्यावी.