करेझ, आगगाडी आणि आपल्या ठेवी



गाव भरभराटीला येते ते जमिनीमुळे की यंत्रामुळे? उत्तर आपल्या नौबादेत पायाखालीच आहे. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. पाऊस मुरतो, पण पाणी खोल जाते. बहमनी काळात इथे जमिनीखाली बोगदा खोदला, वर ठराविक अंतरावर विहिरी ठेवल्या आणि नुसत्या उताराने वस्तीला पाणी दिले. मोट नाही, बैल नाही. हीच आपली सुरंग बावी, म्हणजे करेझ.

पुढे १८७१ मध्ये मुंबई-मद्रास रेल्वेमार्ग गुलबर्ग्यावरून पुरा झाला. बिदर बाजूला पडले. आगगाडीने गुलबर्ग्याला जायचे तर विकाराबाद-वाडीचा वळसा! ११० किलोमीटरचा थेट मार्ग पुरा व्हायला २०१७ साल उजाडले.

आता गाडी आहे. पण मी बँकेत काउंटरवर बसतो, तिथले सांगतो. तुरीचे पोते बाहेर जायला दिवस लागतो, तुरीचा पैसा संगणकावरून क्षणात जातो. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, हैदराबादची फी. फी भरू नका असे मी म्हणत नाही, माझी मुलगीही तिकडेच शिकते. पण ठेव इथली आणि कर्ज परगावी, हे किती दिवस?

कलम ३७१ (जे) ने शिक्षणात, नोकरीत आरक्षण दिले. कारखाना आपल्यालाच काढावा लागेल. कोळारची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे. उमेदवार दारात आले की नवी गाडी जरूर मागा, पण आधी विचारा, आपल्या पोरांनी डाळ मिल काढायची म्हटली तर तारणाशिवाय कर्ज मिळवून देणार का?