एका भाकरीपुरतं पीठ



नवीन वर्ष तोंडावर आलंय आणि मला रेडिओवर संकल्पांविषयी बोलायला बोलावलंय. कोणते संकल्प करावेत हे तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे उठावं, चालायला जावं, तंबाखू सोडावी, चार पैसे मागं टाकावेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे. संकल्प एकच घ्या, आणि तो घेताना स्वतःवर डोळे वटारू नका. आजच्या वेळात हे मी तीन-चारदा म्हणेन. ऐकताना सगळ्यांना पटतं, पण वही उघडली की यादी दहावर जाते, म्हणून मुद्दाम म्हणेन.

आपली येळवस घ्या, मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण. आपल्याकडच्या माणसाला ती जास्त समजावून सांगायची गरज नाही. गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याची कोप, कोपीत पांडव म्हणून मांडलेले दगड, आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, खीर. पण जेवणं उरकल्यावर घरातली जाणती माणसं काय करतात ते आठवा. ती बांधानं शेताची फेरी मारतात. शाळू कुठं दबलाय, हरभऱ्याला घाटे कसे लागलेत, करडईवर मावा पडलाय का, सगळं बघतात. त्याच फेरीत घरातलंही निघतं. सोसायटीचं कर्ज किती फिटलं, लेकीच्या फीचं काय करायचं, विहिरीचा गाळ यंदा काढायचा की पुढच्या वर्षी. हे बोलणं सावकाश चालतं, कुणाच्या अंगावर ओरडणं नसतं. मागच्या वर्षाकडं नजर टाकायची इतकी चांगली रीत आपल्या धाराशिव जिल्ह्यात आहे, आणि तरी नवीन वर्ष म्हटलं की आपल्याला ती आठवत नाही.

पुढचं बघा. येळवस झाली की तुळजापुरात तुळजाभवानी आईची मोहनिद्रा सुरू होते. शाकंभरी नवरात्राच्या आधी आठवडाभर देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर ठेवतात. वर्षातून तीनदा आई अशी विसावते. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात ही मोहनिद्रा. म्हणजे मोठ्या कामाआधी विश्रांती आणि मोठ्या कामानंतरही विश्रांती. ही शिस्त आपण देवीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. घरच्या बाईसाठी किती पाळली, ते ज्याचं त्यानं बघावं. १ जानेवारी पुष्कळदा पौषातच येते. पौषात आपण लग्न काढत नाही, नव्या घरात पाऊल टाकत नाही. मोठ्या आरंभाला आपल्याकडं गुढीपाडवा आहे. मग ३१ डिसेंबरला मध्यरात्रीपर्यंत जागून, दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला उठायचं, हा हट्ट कशासाठी?

आता मूळ मुद्दा, एकच संकल्प. त्यासाठी तुम्हाला जरा चुलीपाशी नेते. बायाबापड्यांना हे सांगायला नको, पण पुरुष मंडळींनी नीट ऐकावं. ज्वारीची भाकरी करताना परातीत आपण एका भाकरीपुरतंच पीठ घेतो. दहा भाकरी करायच्या असल्या तरी दहांचं पीठ एकदम मळत नाही. मळून ठेवलेलं पीठ थापताना चिरतं, कड फाटते. एक गोळा घ्यायचा, तो तळहाताच्या टाचेनं चांगला रगडायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि मगच दुसऱ्या भाकरीचं पीठ परातीत ओढायचं. संकल्पाचं तंतोतंत तसंच आहे. जानेवारीत चालणं रगडा. ते तव्यावर पडलं, अंगवळणी पडलं, की मार्चात बचतीचं पीठ ओढा.

आणखी एक. पीठ जुनं झालं की त्याची जिगट जाते. मग घरातली बाई पिठाला शिव्या देत बसते का? ती आधण ठेवते, गरम पाण्यात पीठ मळते आणि भाकरी होते. माणूसही थकतो, आजारपणातून उठतो, वय होतं. अशा माणसाला थोडी ऊब लागते. त्याला गेल्या वर्षीचाच संकल्प तसाच थंड पाण्यात मळायला लावला, तर तो तुटणारच. थापताना कड फाटली तर आपण ओलं बोट फिरवून ती सांधतो. त्यासाठी भाकरी फेकून देत नाही. चार दिवस चालायला गेलात आणि पाचव्या दिवशी पाहुणे आले, तर सहाव्या दिवशी पुन्हा निघा. मोडलं, संपलं, आता पुढच्या जानेवारीत बघू, असं म्हणू नका.

हे मी नुसतं चुलीच्या भरवशावर सांगत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला. प्रत्येकानं रोज करायची एकच साधी गोष्ट निवडली होती. जेवणाबरोबर फळ खाणं, न्याहारीनंतर चालणं, अशी. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत! म्हणजे शेजारणीला जे तीन आठवड्यांत जमलं, त्याला तुम्हाला आठ महिने लागले तरी तुमच्यात काही उणं नाही. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही, हेही त्यांना आढळलं. पुन्हा सांगते, त्या लोकांनी एकेकच गोष्ट घेतली होती. एकच.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा दहावीच्या मुलींच्या घरी जात असे. एका मुलीच्या भिंतीवर तिनं स्केचपेननं आखलेलं वेळापत्रक होतं. पहाटे ४ ते ६ गणित, ६ ते ७ विज्ञान, असं रात्री ११ पर्यंत. त्यात जेवण नव्हतं, खेळ नव्हता. आईला पाणी भरायला मदत ती रोज करायची, तीही त्यात नव्हती. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘आळस केल्यास जेवायचं नाही.’ पंधरा वर्षांचं लेकरू ते. आम्ही दोघींनी मिळून तो कागद काढला आणि रोज संध्याकाळी गणिताची पाच उदाहरणं, एवढंच लिहिलं. तिचे मार्क मी सांगणार नाही. तो कागद मात्र तिनं परीक्षेपर्यंत पाळला. फेब्रुवारीत परीक्षा असतात, म्हणून आईवडिलांना कळकळीनं सांगते. मुलांच्या भिंतीवर काय चिकटवलंय ते एकदा वाचा.

२०२५ हे वर्ष आपल्या जिल्ह्याला सोपं गेलं नाही. सप्टेंबरात परंडा, भूम, कळंब भागात पुरानं पिकं नेली आणि रानातली मातीसुद्धा खरवडून नेली. ज्याच्या शेतात आज दगडगोटे उघडे पडलेत, त्याला कुणी नव्या वर्षात मोठी झेप घ्यायला सांगू नये. वर्षात सगळं पूर्ववत करीन, असा पण त्यानं स्वतःही करू नये. जमीन इतक्या लवकर भरून येत नसते. उन्हाळ्याआधी एक बांध घालीन, एवढा संकल्प त्या घराला खूप आहे. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतील. आणि ज्यांची रानं वाचली, त्यांनी शेजाऱ्याच्या त्या बांधावर दोन दिवस जायचं ठरवलं, तर तोच त्यांचा संकल्प होईल. याविषयी खरं तर आणखी बोलायचं होतं, कारण गावानं मिळून एक संकल्प घेतला तर...

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. शेवटी एवढीच विनंती करते. एकच संकल्प घ्या, आपल्याला झेपेल असा. आणि फेब्रुवारीत घरातल्या कुणालाही ‘काय झालं तुझ्या त्या संकल्पाचं?’ असं टोचून विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘आज जमलं का? मी काही करू का?’ असं विचारा.